शीतलच्या नावापुढं काही लावू नका

मंडळी, बसून घ्या. इंदापूर, वरकुटे, कऱ्हाटी, कुठनं कुठनं आलात. कामं टाकून आलात. काटेवाडी तर सगळीच इथं आहे. शीतलचा बाप म्हणून तुम्हा सगळ्यांना हात जोडतो.

माझा आवाज तुम्हाला नवा नाही. बारामती-इंदापूर, दोन्ही तालुक्यांच्या जत्रांत कुस्तीच्या फडावर मी बोलत आलो. पैलवान आखाड्यात उतरायच्या आधी त्याचं नाव मी चढवायचो. गेल्या तीन जत्रांत पाठ लावून घेऊन हरलेल्या पोराला मी ढाण्या वाघ म्हणायचो, आणि ते पोरगंही छाती काढून चालायचं. वाढवून बोलणं हे माझं कामच. पण आजचा माइक वेगळा आहे. पोरीच्या शोकसभेत बापानं काय बोलावं? सुरुवात तरी कुठनं करावी?

माझ्या आधी क्रीडा समितीचे आपले भाऊसाहेब बोलले. त्यांनी शीतलला टेनिस सम्राज्ञी म्हटलं. तिनं जगभर देशाचा झेंडा फडकवला म्हटलं. बारामतीतल्या नव्या कोर्टाला तिचं नाव देणार आणि फलकावर हेच लिहिणार, असंही म्हणाले. भाऊसाहेब, तुमचं प्रेम मला कळतं. रागावू नका. पण शीतल इथं असती तर हे ऐकून उठून उभी राहिली असती. ती नाही, म्हणून मी उभा आहे.

ती काय होती, ते सांगतो. नऊ-दहा वर्षांची असेल तेव्हा. डेअरीला दूध घालून मी तिला मोटरसायकलवर बारामतीला घेऊन गेलो होतो. तिथल्या मैदानावर माझा एक मित्र राखणीला होता. आम्ही दोघं तंबाखू मळत बसलो, तेवढ्यात ही जाळीपलीकडं जाऊन खेळणाऱ्या पोरींना चेंडू उचलून द्यायला लागली. तिथल्या सरांनी सहज तिच्या हातात रॅकेट दिली. घरी येताना मागनं म्हणाली, "आप्पा, उद्या पण दूध घालायला मी येणार." पुढं कित्येक वर्षं दूध आणि शीतल, दोन्ही मी रोज सकाळी पोचवत होतो.

मोठी झाल्यावर ती व्यावसायिक खेळाडू झाली. म्हणजे काय झाली, ते आपल्याकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. लोक विचारायचे, टीव्हीवर कधी दिसणार? मंडळी, टीव्हीवर दिसतात त्या थोड्या. त्यांच्या मागं शेकडो पोरी असतात. थायलंड, तुर्कस्तान, इजिप्त. लहान लहान स्पर्धा, समोर रिकाम्या खुर्च्या. एका खोलीत तिघी राहायच्या, पिशवीत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या पोरींच्या रॅकेटच्या तारा ओढून द्यायची आणि त्या पैशावर पुढचा प्रवास करायची. पुष्कळदा पहिल्याच फेरीत हरायची. संध्याकाळी फोन यायचा. तिची आई इंदू फक्त विचारायची, जेवलीस का? निकाल तिनं कधीच विचारला नाही. आवाजावरनं तिला कळायचं.

मला मात्र राहवायचं नाही. एकदा आमच्या जत्रेला ती फडावर आली. मी माइकवर सुरू झालो, जगात बारामतीचं नाव गाजवणारी आमची शीतल, वगैरे वगैरे. ती सरळ वर आली आणि माझ्या हातातनं माइक घेतला. म्हणाली, "मंडळी, आमच्या आप्पांचं मनावर घेऊ नका. माझ्यापुढं अजून सातशे-आठशे पोरी हायेत. पण मी खेळतीया." सगळा फड हसला. आणि टाळ्या अशा पडल्या की त्या दिवशी एकाही कुस्तीला तेवढ्या पडल्या नाहीत.

अशी होती. तिच्या बाबतीत वाढवलेलं तिला खपायचं नाही, कमी केलेलंही खपायचं नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, लहान स्पर्धांत रेषेवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. सोलापूरला एका सामन्यात तिला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तो मिळाला असता तर एका मोठ्या स्पर्धेत थेट जागा होती. त्याच जागेसाठी ती दोन वर्षं झटत होती. समोरच्या पोरीनं मारलेला चेंडू शीतलच्या मागं, अगदी रेषेपाशी पडला. त्या पोरीलाच वाटलं, गेला बाहेर. ती हात मिळवायला जाळीकडं निघालीसुद्धा. मी खुर्चीवरनं उठलो. शीतल मात्र मागं गेली, खाली वाकली, मातीत उमटलेली खूण बघितली. म्हणाली, आत आहे, पॉइंट तुझा. त्यानंतर सामना हातातनं गेला.

येताना एसटी टेंभुर्णीला थांबली. तिथं मी विचारलं, ती पोरगी आपणहून हार मानत होती, तुला काय पडलं होतं मधे बोलायचं? तर मला म्हणाली, "आप्पा, हात मिळवताना तिच्या तोंडाकडं बघावं लागतं."  

पुढं खांदा गेला. ती घरी आली. रडली, माझ्याशी भांडली, काही महिने रॅकेटकडं बघितलं नाही. मग एक दिवस उठली आणि बारामतीत लहान पोरींना शिकवायला लागली. आई-बाप विचारायचे, मॅडम, आमची पोरगी चॅम्पियन होईल का? ही म्हणायची, माहिती नाही, पण रोज आली तर चांगली खेळंल. त्या पोरी आज मागं उभ्या आहेत.

आणि मग हा आजार आला. दवाखान्यात जो येईल तो तिला सांगायचा, बरी होशील, दिवाळीला कोर्टवर असशील. डॉक्टरांनी मला आणि इंदूला बाजूला घेऊन वेगळं सांगितलं होतं. एका दुपारी शीतलनं सगळ्यांना बाहेर पाठवलं. मला थांबवलं. म्हणाली, "आप्पा, मी घरी येणार हाय का? तुमी सांगा."

मंडळी, तिनं हे कुणाला विचारलं? माझ्यासारख्या माणसाला. ज्यानं जन्मभर नाही ते आहे म्हणून ओरडून सांगितलं, त्याला. त्या घटकेला माझ्या तोंडाशी शंभर शब्द आले होते. त्यातला कुठलाही टाकला असता तर सुटलो असतो.

मी म्हणालो, "न्हाय, बाळा."

ती मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता आईशी नीट बोलता येईल." पुढचे काही दिवस त्या मायलेकी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. इंदू ही समोर बसली आहे. ते बोलणं तिच्यापाशी आहे. माझ्यापाशी काय आहे? माझ्यापाशी तो एक शब्द आहे. तो बोललो म्हणून मला झोप लागत नाही. पण खोटं बोललो असतो तर इंदूसमोर असा उभा राहू शकलो नसतो.

भाऊसाहेब, म्हणून एकच मागणं आहे. फलक लावा, पण सम्राज्ञी लिहू नका. उद्या त्या कोर्टवर एखादी पोरगी पहिल्या फेरीत हरंल. बाहेर येताना फलकाकडं बघंल, आणि तिला वाटंल, हे आपलं काम नाही. तिला खरं कळू द्या. आपल्याच भागातली एक पोरगी वर्षानुवर्षं हरली, तरी खेळत राहिली, कारण तिला तो खेळ आवडायचा.

आता सगळ्यांनी उभं राहावं. टाळी नको, जयजयकार नको. आजवर हजारो नावं पुकारली. आज हे एक पुकारतो, पुढं-मागं काही न लावता. त्यानंतर मी बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.

शीतल. राहणार काटेवाडी. टेनिस खेळायची.