नुसतं दूध

होळी चार दिवसांवर आली होती. बालाघाटच्या बसस्टँडवर मी मलाजखंडच्या बसची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"उमाताई, यंदा ठंडाई करान ना?"

"कोणासाठी करू? हे होते तवा करत होती."

"भाऊजी तर सुपारीबी खात नव्हते. अन् भांग?"

"वर्षातून एकच गिलास. कचेरीतला माणूस, घरात दहा शब्द बोलत नव्हते. पण भांग चढली की हसत सुटत. घडीघडी किती वाजले विचारत, पाच-पाच पुरणपोळ्या खात. मंग मले नावानं हाक मारत. म्हणत, उमा, गाणं म्हण."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"काहीच आठवत नव्हतं. म्हणत तरी तसंच."

"मंग सुटली कशी?"

"त्र्याण्णव साली बीपी निघालं ना. डॉक्टरनं मना केलं. म्या बदाम, बडीशेप, मिरे वाटले, पण भांग टाकलीच नाही. नुसतं दूध देल्लं, त्यायले न सांगता."

"ओळखलं असन त्यायनं."

"कायचं! अर्ध्या घंट्यात हसू लागले. घर हालून राह्यलं म्हणे, पलंग धरून बसले. मंग म्हणाले, उमा, गाणं म्हण."

"अगं बाई! मंग सांगितलं नाही तुम्ही?"

"नाही. सात होळ्या दूधच देल्लं."

"पण काहून?"

"सांगितलं असतं, तर मंग कोणत्या तोंडानं गाणं मागितलं असतं त्यायनं?"