दिवा कुठला लागलाय?

...आणि वर म्हणे, गाणं ऐकायला कान तयार लागतात! कान? अहो, आमच्या घरात गाणं कानांनी ऐकतच नाहीत, डोळ्यांनी ऐकतात. तुम्हाला सांगतो, रविवारी सकाळी आठपासून मी टीव्हीच्या कपाटामागे डोकं खुपसून बसलोय, नाकात धूळ, मानेत उसण, आणि बाबा सोफ्यावर मांडी घालून विचारतायत, "दिवा कुठला लागलाय?"

हिरवा, बाबा. हिरवाच.

आता हा दिवा कसला, ते ऐका. आमच्या मोठ्या काकांकडे दोन डबे आहेत. एक स्ट्रीमर, तो इंटरनेटवरून गाणं ओढतो. दुसरा डॅक, तो त्या गाण्याच्या आकड्यांचा आवाज करतो. मध्ये एक वायर. संपलं! डॅकवर बारीकसा दिवा असतो, साधं गाणं आलं की हिरवा, हाय-रेझ, म्हणजे एकदम बारकाव्यांसकट आलं, की निळा. काकांकडे कायम निळा! मग काका डोळे मिटून, मान तिरकी करून, "गायिका श्वास घेते ना, तोसुद्धा ऐकू येतो... आला! आला बघ! गेला." आणि आमचे बाबा म्हणजे दादाने चप्पल घेतली तरी तीच चप्पल घेणारा माणूस. आले तेच दोन डबे घरी.

जोडायचे कोणी? मी! कारण मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षातून उठून आलेला कुलदीपक. आणि मीही मुकाट्याने बसलो, कारण माझी मान अडकलेली. अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक मास्तर आहेत, ते मला हाताखाली घ्यायला तयार आहेत. अट एकच, "वडलांना घेऊन ये. माझ्यासमोर त्यांनी हो म्हणायचं. घरातली भांडणं मला दुकानात नकोत." सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले, मग दुसरा कोणी बघणार. आणि बाबांची अट काय? "आधी निळा दिवा लाव, मग येतो तुझ्या मास्तरांकडे." माझं आख्खं आयुष्य मोहरीएवढ्या दिव्याला बांधलेलं, हसताय काय!

वायर बदलली. हिरवा. दुसऱ्या भोकात घातली. हिरवा. दोन्ही डबे बंद करून पुन्हा चालू केले, तेवढ्यात काकांचा फोन, "वायर उलटी लावली असेल त्याने. बाणाची दिशा बघितली का? कॉलेज सोडलं की असंच होतं." वायरला बाण! आवाज काय वाट चुकणार आहे? तरी फिरवली. हिरवा. सोफ्यावरून, "दिवा कुठला लागलाय?"

शेवटी म्हटलं, डबे सोडा, इंटरनेटवरचं गाण्यांचं खातं बघू. उघडलं, आणि तुम्हाला सांगतो, काय निघालं असेल! गाण्यांचं खातं काकांचं, बाबा त्यांच्याच खात्यावर ऐकतात, आणि ते खातं... साधं! त्यात हाय-रेझ एकही गाणं येत नाही! मग काकांकडे निळा कसा? तर स्ट्रीमरमध्ये एक बटण असतं, साध्याच गाण्याचे आकडे फुगवून पुढे पाठवायचे. दुधात पाणी घालून माप भरायचं, तसं. डॅक बिचारा माप बघून निळा होतो. दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस पाण्याला साय आलीय म्हणून माना डोलावतोय!

मी धावत बाबांना सांगितलं. माझी मेली अक्कल! "म्हणजे दादा खोटं बोलतो? तीस वर्षं गाणं ऐकतोय तो. तुला दोन वर्षं धड बाकावर बसता आलं नाही, आणि तू त्याचे कान काढतोस?" स्वयंपाकघरातून आई, "अरे, त्यांना कुठला हवाय तो दिवा लाव ना एकदाचा. जेवायचंय."

दाबलं बटण. निळा.

बाबांचे डोळे आपोआप मिटले. मान तिरकी. काकांना फोन, "दादा... श्वास! अगदी स्पष्ट रे!" आणि चालू काय होतं? नुसतं व्हायोलिन! श्वास घेतला कोणी, व्हायोलिनने?

मी मनातच म्हटलं, घ्या श्वास, हवा तेवढा घ्या. "बाबा, निघायचं मास्तरांकडे?"

तर म्हणतात, "मास्तरांकडे कशाला? दादाला चार दिवस लागले होते, तू एका सकाळीत लावलास! एवढं डोकं घेऊन दुकानात बसणार? दादाही तेच म्हणतोय. उद्या कॉलेजात जायचं. परत प्रवेश घ्यायचा."

आता सांगा, काय करायचं? बटण बंद करून खरं दाखवलं, तर निळा गेला, म्हणजे मास्तर गेले. गप्प बसलो, तर मी हुशार ठरलो, म्हणजे तरी मास्तर गेलेच! आणि कॉलेजचा फॉर्म तर बाबांनी कधीपासून आणून ठेवलेला, कपाटात, वायरींच्या वरच्याच खणात.

मी पेन शोधायला लागलो. बाबा तसेच, डोळे मिटून, मान तिरकी करून म्हणाले, "निळं घे."