अकरा इंचांचा नवस

...आणि वर मलाच विचारतो, 'लाला, तुझं डोकं का गं दुखतंय?' ऐका बायांनो, ऐका! त्रेपन्न दिवस जिच्या पोटात कॉफीचा थेंब गेला नाही, तिचं डोकं दुखणार नाही तर काय गाणं म्हणणार? पण मी चिडत नाही हं. नवस केलेल्या बाईनं चिडायचं नसतं, चिडलं की पुण्य गळतं. मी फक्त सांगते आहे. तुम्हाला सांगते, नवस माझा, ट्रक त्याचा आणि मधे ते गॅरेजचं दार. दोन महिने म्हणा, दोन युगं म्हणा, एकच रडगाणं... दार काही खाली येईना!

'तो' म्हणजे कूको, माझा नवरा. फरशा बसवतो. आमच्या सेगिन गावातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्याच्या हातची फरशी आहे. केसाएवढी फट वाकडी दिसली तर सगळी रांग उपटून पुन्हा बसवणारा माणूस! कमरेला फीत लावूनच जन्माला आला असावा. दारं मोजतो, कोपरे मोजतो, एकदा बहिणीच्या लग्नात त्यानं केक मोजला होता, कारण म्हणे डावीकडे झुकला होता. आणि असा माणूस, बायांनो, घराएवढा पिकअप ट्रक विकत घेतो आणि गॅरेज मोजत नाही! मी म्हटलं, 'अरे, मोजलंस का?' तर म्हणतो, 'लाला, गॅरेज कशासाठी बांधतात? ट्रकसाठी. मग ट्रक बसणारच.' आता या बोलण्याला उत्तर काय द्यायचं? बायबलात पण नाही.

ट्रक घरी आला त्या दिवशी सगळी आळी बघायला. मी आनंदानं मागच्या बाजूनं फेरी घातली, तर नडगी कशावर तरी अशी आपटली, अशी आपटली की तिन्ही लोक दिसले आणि तिथले संतही ओळखता आले. ट्रकच्या बुडाला लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला लिंबाएवढा लोखंडी गोळा. 'हे रे काय?' तर कूको छाती काढून म्हणाला, 'ओढायचा गोळा! यानं बोट ओढता येते, घोडागाडी ओढता येते, शेजाऱ्याचं घरसुद्धा ओढता येईल.' बरं बाबा. ही नडगी लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मग कूकोनं ट्रक गॅरेजात घातला. हळूहळू, हळूहळू, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. नाक समोरच्या भिंतीला टेकलं. बटण दाबलं. दार आलं, आलं, आलं... मागे टेकलं आणि नव्या नवरीसारखं लाजून परत वर गेलं. पुन्हा बटण. पुन्हा लाजलं. कूकोनं आता, आता बरं का, कमरेची फीत काढली. अकरा इंच जास्त! दार काही खाली येईना!

तुम्ही म्हणाल, मग राहू दे की बाहेर, काय बिघडलं? बिघडलं काय? गेल्या वसंतातल्या गारा विसरलात? संत्र्याएवढ्या! आमच्या जुन्या ट्रकची काच आत आली, टप असं झालं की वाटावं रात्रभर बैल नाचले त्यावर. कूको अंगणात उभा राहून रडला होता. त्याचे वडील गेले तेव्हा तो घरात जाऊन रडला, ट्रकसाठी अंगणात! म्हणून हा नवा ट्रक घेतला तेव्हा मी गारांच्या नावानं गेले थेट सान अंतोनियो संताकडे. हरवलेलं तो शोधून देतो, तर चार भिंतींत अकरा इंच नाही का सापडणार त्याला? राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपास सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राख, समोर मेणबत्ती आणि मी म्हटलं, 'बाबा, कूकोचा ट्रक गॅरेजात सुखरूप जाऊ-येऊ लागेपर्यंत मी कॉफी पिणार नाही.' सासूबाई शेजारीच जपमाळ ओढत होत्या. त्यांनी ऐकलं. तुम्हाला सांगते, नवस करावा, पण सासूच्या शेजारी बसून करू नये.

आणि त्यांनीच शिकवलं म्हणून मी पुढचंही केलं. आपल्याकडची रीतच आहे, काम होईपर्यंत सान अंतोनियोची मूर्ती डोक्यावर उभी करायची. मी त्याला राजम्याच्या बरणीत डोकं खाली, पाय वर असा खोचला. रोज सकाळी त्याचे तळवे पुसायचे आणि म्हणायचं, 'बाबा, तुलाही त्रास, मलाही त्रास, आटप की.'

मग सुरू झालं बघा! आधी गॅरेज रिकामं केलं. नाताळच्या देखाव्यातले तिन्ही राजे बैठकीत आले, दिव्याचा उंट माझ्या पलंगाशी, गाढव न्हाणीघरात. कूको आंघोळीला गेला की ओरडतो, 'लाला, हा बघतोय!' बघू दे, म्हटलं, त्यानं याहून पवित्र गोष्टी बघितल्यात. एवढं करून काय? दार काही खाली येईना!

मग आला शेजारचा आर्विन. जर्मन घरातला, निवृत्त, सल्ला देण्याचा भारी सोस. त्याच्या स्वतःच्या गॅरेजात काय आहे माहीत आहे? तीन फ्रीज, एक इंजिन नसलेली बोट आणि त्याच्या आईचा पियानो. गॅरेजात गाडी ठेवायची ही कल्पनाच त्याला जरा चावट वाटते. त्यानं काय केलं, तर छतातून दोरीनं एक टेनिसचा चेंडू लटकवला. 'काचेला चेंडू लागला की थांबायचं, कूको!' अहो, थांबायचा प्रश्नच नाही, तो थांबतोच आहे, बसत नाही आहे! पण दोघं अर्धा दिवस त्या चेंडूची उंची ठरवत होते.

मग म्हणाले, भिंत खरवडू. समोरची भिंत म्हणजे पलीकडे माझं स्वयंपाकघर! दोघांनी बंपरच्या मापाचा खळगा पाडला आणि कूकोनं त्याला चारी बाजूंनी फरशी बसवली, निळ्या फुलांची, इतकी देखणी की मला सांगा, ट्रकच्या थोबाडाला इतकं कौतुक कशाला? माझ्या चुलीमागे ती अजून बसवली नाही. तीन इंच मिळाले. आठ राहिले.

ईस्टर आला. बायांनो, येशू थडग्यातून बाहेर आला, पण आमचा ट्रक आत जाईना! चर्चच्या दालनात सगळ्यांच्या हातात कॉफी, वाफ माझ्या नाकाखालून. मी फादर कासिमिरोंना गाठलं. म्हटलं, 'फादर, चाळीस दिवसांचा उपास संपला, आता जरा सूट?'

'मुली, देवाला तुझी कॉफी नको आहे.'

'म्हणजे पिऊ?'

'नवस कुणाला बोललीस?'

'सान अंतोनियोला.'

'मग त्याला विचार. दुसऱ्याच्या कामात मी लक्ष घालत नाही.' आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसरा कप घेतला. साखर घालून!

मी घरी आले, बरणीपाशी उभी राहिले. विचारलं. तळवे काय बोलणार?

तर परवाचा गुरुवार. दुपारपासून आभाळ हिरवं. तुम्हाला माहीत आहे, हिरवं आभाळ म्हणजे काय... गारा! वादळाचे सायरन वाजायला लागले. कूको धावत घरी, आर्विन धावत कुंपणावरून, ट्रक आत घातला, बटण दाबलं, दार आलं, टेकलं, लाजलं, वर गेलं. कूको उशा गोळा करायला लागला. ट्रकच्या शेपटावर उशा बांधणार होता! माझ्या लग्नातल्या उशा! मी त्या ओढून घ्यायला धावले आणि नडगी... त्याच जागी, त्याच गोळ्यावर! मी तशीच खाली बसले. कळवळून. आणि बायांनो, खाली बसल्यामुळे मला पहिल्यांदा समोरून दिसलं, गोळ्यावर दाराचा रंग घासला होता. दार बंपरला टेकत नव्हतंच! टेकत होतं त्या गोळ्याला!

'कूको,' मी म्हटलं, 'या गोळ्यानं तू आजवर काय ओढलंस?'

तो हातातली उशी झटकायला लागला.

'आर्विन, तू सांग.'

आर्विन चेंडूकडे बघायला लागला.

'हा निघतो का रे?'

आता बघा हं, दोन मोठे पुरुष, वर आभाळ गडगडतंय, आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे बूट बघतायत. शेवटी आर्विन खाकरला. 'एक खीळ आहे तिथे... ती ओढली की निघतो.'

'म्हणजे एक्कावन्न दिवस तुम्हाला ठाऊक होतं?'

'अगं लाला,' कूको रडवेला झाला, 'गोळा नसलेला ट्रक... लोक काय म्हणतील? मिशी काढल्यासारखं दिसतं गं!'

भिंत फोडली! गाढव न्हाणीघरात! माझी कॉफी! आणि हा मिशीसाठी... पण मी चिडले नाही. चिडलं की पुण्य गळतं. मी फक्त खीळ ओढली. स्वतः. दांड्यासकट गोळा माझ्या हातात आला, मी तो आर्विनच्या हातात दिला आणि म्हटलं, 'धर, पियानोवर ठेव.'

कूकोनं चेंडू पार काचेला चेपेपर्यंत ट्रक पुढे रेटला. बटण दाबलं. दार आलं. आलं. आलं... बंपरला घासून आलं, कर्र केलं, कडाड् केलं आणि खाली! खाली टेकलं हो! आणि त्याच क्षणी वरून गारा. अशा गारा की वाटावं आकाशातून कुणी कूकोच्या फरशा ओततंय. आम्ही तिघं अंधारात ट्रकला हात लावून उभे. सगळं थांबलं तेव्हा कूकोनं बॅटरी मारून टप बघितला, दारं बघितली, काच बघितली. एक खळगा नाही! त्यानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आर्विनसमोर! आर्विनचा ट्रक अंगणात होता, त्याची चाळणी झाली होती, तरी तो बिचारा टाळ्या वाजवत होता.

मी स्वयंपाकघरात धावले. सान अंतोनियोला बरणीतून काढला, झटकला, सरळ उभा केला, पाया पडले. कॉफी टाकली. बायांनो, तो वास! दालचिनीचा एक तुकडा घातला. कप भरला. ओठांना लावला...

'मीहा,' सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. मीहा म्हणजे माझी लेक. लाडानं म्हणतात तेव्हा मला धडकी भरते. 'मीहा, तू जाऊ-येऊ म्हणाली होतीस. गेला. आला का?'

मी कप खाली ठेवला. 'कूको,' मी हाक मारली, 'तो ट्रक एकदा बाहेर काढून पुन्हा आत घाल रे. एकदाच. माझ्यासाठी.'

कूकोनं बटण दाबलं. घुर्र. पुन्हा दाबलं. घुर्र. बंपरला घासताना दाराचं चाक रुळातून निसटलं होतं. आर्विननं ढकललं, कूकोनं ओढलं, सासूबाईंनी पवित्र पाणी शिंपडलं. दार काही वर जाईना!

दार दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, 'ताई, गारांनी आख्ख्या गावाची दारं वाकवलीत. नऊ दिवसांनी येतो.' नऊ! म्हणजे एक आख्खी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, मोजून. येशूच्या थडग्याचा धोंडा देवदूतांनी तिसऱ्या दिवशी सारला, पण आमच्या गल्लीत देवदूतांना आधी वेळ घ्यावी लागते.

कूको आता आर्विनच्या चाळणीतून कामाला जातो. त्या दिवशीची कॉफी? सासूबाई प्यायल्या. 'टाकायची कशाला,' म्हणाल्या. मी सान अंतोनियोकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे. त्याला कळलं होतं. मीच बरणी उघडली, राजमा जरा सारखा केला आणि म्हटलं, 'चल बाबा, हो उलटा. नऊच तर दिवस.'