साडेपाचला तुटणारं डाउनलोड

—अहो भगवानराव, माझ्या सायबर कॅफेतल्या मशीनला कशाला शिव्या देताय? तुमच्या जावयाने लेकीच्या लग्नाचे फोटो ठेवलेत कुठे — फुकटच्या साइटवर! फुकटात जागा देणारा तो अमेरिकेतला माणूस काय तुमचा व्याही लागतो? गर्दी झाली की पहिलं तुम्हालाच बाहेर काढणार. त्यात सगळे फोटो एकाच फाइलमध्ये कोंबलेले — नव्वद टक्क्यांवर तुटली की पुन्हा पहिल्यापासून. चार तुकडे करून ठेवा म्हणून कळवायला सांगितलेलं मी. कळवलंत? नाही ना? बरोबर आहे, जावयाला शिकवायचं कसं! आणि दुपारी दोनला या म्हटलेलं, अमेरिका झोपलेली असते — तर तुम्ही येणार कंपनी सुटल्यावर. वर मानपाड्याची फोनची लाइन — रस्ता खणला तरी खरखर, नाही खणला तरी खरखर.

काय? चारही दिवस बरोबर साडेपाचलाच तुटलं? घड्याळ लावून बसता की काय! बरं, ऐका — ह्याच लाइनचा दुसरा फोन वर घरात आहे. मंदाकिनी उचलते. रिसीव्हर उचलला की इंटरनेट गेलं — हजारदा सांगितलं बायकोला, पण आईचं काळीज! आमची रतन साडेपाचला कामावरून सुटते, ठाण्याला, तिथे समोरच पीसीओ आहे. कोलशेतच्या कोळ्याच्या पोराशी लग्न केलंन् — चांगला आहे म्हणे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, असेल — मी सांगितलेलं, परत फोनसुद्धा करायचा नाही. आठ महिने झाले. पोरगी शब्दाची पक्की निघाली, माझ्यावर गेलीय. आता तुमचे फोटो उतरतायत म्हणजे लाइन बिझी. समजा तिने केलाच एखाद्या दिवशी — तर तिला वाटणार, बापाने मुद्दाम रिसीव्हर काढून ठेवलाय. म्हणजे — असं मंदाकिनीला वाटतं हं. मला काय!

कोण? वहिनी — आमची मंदाकिनी? समोर भाजीवाल्याकडे उभ्या आहेत? आत्ता? कधीपासून — अर्धा तास?

असे बघू नका माझ्याकडे. हो, काउंटरवरचा हा फोन. मीच उचलतो. उचलतो आणि ठेवतो, की लाइन मोकळी. झालं समाधान? तुमचे फोटो उद्या दुपारी मी स्वतः उतरवून ठेवतो, एकही पैसा नको. आता उठा. सहाची बस येईपर्यंत रतन त्या पीसीओच्या दारातच उभी असते — दोनदा जाऊन बघून आलोय. निघा म्हटलं ना! दार ओढून घ्या.