नखुर्डं झालेलं बोट

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. बोल चिमे, पटकन बोल. वॉर्डात एकटी आहे मी, चार बाळं आहेत समोर.

दूध घेत नाही? कधीपासून?… सकाळपासून. आणि मला आत्ता सांगतेस, चार वाजता.

कोण म्हणतं गुणी झालाय? सासूबाई?… अगं, रडत नाही म्हणून काय गुणी… ऐक ना. आधी ऐक.

हो, हो, ताप नाही, कळलं. आकडा सांग… पस्तीस? साडेछत्तीस तरी हवं. परत लाव. काखेत, नीट दाबून… तेवढाच. पाय धर बघू हातात. गार?… हं.

काल कोण कोण आलं होतं?… काका. बरं. काय म्हणालीस, बोटाला काय झालं होतं त्यांच्या?… नखुर्डं. पिकलेलं? आणि ते बोट… त्याच्या तोंडात? चोखायला?

शी. शी, शी, शी.

पुसलं होतं? कशाला, लेंग्याला? रोज पोरांचं हगणं-मुतणं काढते मी, कधी किळस नाही आली. ही आली. आणि तू बसलीस बघत, मोठ्यांना कसं बोलायचं म्हणून…

मागून कोण बोलतंय?… काकांच्या नातवाला काही झालं नव्हतं? आठ महिन्यांचा होता तो. जंतूंचं विष अंगात भिनलं तर तेवढं पोर फणफणतं, घर डोक्यावर घेतं. आपल्या बाळाला लढताच येत नाही गं अजून. हा गार पडतो, गप्प होतो. कळतंय का तुला?

सहा आठवड्यांचा? कुठला सहा आठवड्यांचा. सात आठवडे आधी आलाय तो, चिमे. डॉक्टरांनी दिलेली त्याची जन्मायची तारीख पुढच्या सोमवारी आहे. तुम्ही बसलात कॅलेंडरवर खुणा करत, आणि झाले सहा आठवडे, या बघायला सगळे…

नाही. उद्या नाही, आत्ता निघ. त्याचे कपडे काढून उघड्या छातीशी धर, तुझी ऊब लागू दे, वरून शाल घे. थेट माझ्याकडे. डॉक्टरांना बोलावून ठेवते मी.

गाडी कोण चालवणार?… काका? चालवू देत. हात स्टिअरिंगवरच ठेवा म्हणावं, दोन्ही.

हॅलो? चिमे, तळपाय चोळ त्याचे, रडतो का बघू… जोरात. अजून… हा… हा त्याचाच आवाज ना?

आला, आला ऐकू. सासूबाईंना सांग, कुणी गप्प करू नका त्याला. रडू दे. रडत रडतच आण. ठेव फोन.