रिकामी गाडी मोजायची नाही

मिस्त्री : हा खोका मागवून घेतलात, की कुणी तुमच्या गळ्यात मारला?

भाऊ : मागवलाय. परदेशी माल आहे. गाडी चार इंच उचलायचा पूर्ण सेट. नीट बघा तरी.

मिस्त्री : बघितला. रंग छान आहे.

भाऊ : रंग?

मिस्त्री : लाल स्प्रिंगचे पाटे, पिवळे शॉकअप. दिवाणखान्यात मांडून ठेवा, आल्यागेल्याला दाखवता येतील.

बहीण : मिस्त्री, तुम्ही मनावर घेऊ नका. सात महिन्यांनी आलाय. आला की असाच येतो, सगळ्यांचं सगळं एका दिवसात दुरुस्त करायला. सकाळपासून टेप घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा चालल्यात.

भाऊ : ताई, गाडीतलं तुला काय कळतं?

बहीण : काहीच नाही. आठवड्यातून दोनदा ओढ्यातून चालवते, तेवढंच.

मिस्त्री : ओढ्यातून कुठे जाता?

बहीण : आमचे वडील, अण्णा, ओढ्यापलीकडे राहतात. तिथून त्यांना डायलिसिसला न्यायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. गेल्या मंगळवारी ओढ्यातल्या दगडावर गाडीचं पोट टेकलं. चारही चाकं फिरतायत आणि आम्ही जागच्या जागी. ट्रॅक्टर यायला तीन तास गेले. दवाखान्यातली पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी अण्णांचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर मला विचारायला येऊ नका.

भाऊ : म्हणून तर चार इंच म्हणतोय! तो मागचा गोळा आपटतो दगडावर. गाडी उचलली की विषय संपला.

मिस्त्री : कुठला गोळा?

भाऊ : मागच्या दोन चाकांच्या मधला. हे मी तुम्हाला सांगायचं?

मिस्त्री : सांगा की, तेवढीच करमणूक. साहेब, तो गोळा चाकांच्या सोबत असतो. पाटे बदलून गाडी आभाळात नेलीत तरी तो आहे तिथेच राहणार. तो वर हवा असेल तर चाकं मोठी लागतात.

भाऊ : व्हिडिओत तर...

मिस्त्री : व्हिडिओतली गाडी ओढ्यात अडकली की व्हिडिओ बंद करतात. मी खाली जाऊन बघून आलोय. गोळ्यावर ओरखडा नाही. ओरखडे आहेत सायलेन्सरवर आणि टाकीखालच्या पत्र्यावर. म्हणजे ताई म्हणतात तेच. पोट टेकतंय.

बहीण : ऐकलंस?

भाऊ : बरं, पोट तर पोट. तेही चार इंचांनी सुटेलच ना? मी मोजून आणलंय. चाकाच्या मधल्या टोपीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत. चारही चाकांचं. हे घ्या.

मिस्त्री : अक्षर सुरेख आहे. गाडी रिकामी होती?

भाऊ : मग काय भरून मोजायची?

मिस्त्री : शिंपी माप माणसाचं घेतो की खुंटीचं? मी रिकामी गाडी मोजत नाही. जशी जाते तशी भरायची, जो जिथे बसतो तो तिथे बसवायचा, मग टेप. ज्याला घाई असेल त्याला चौकात दुसरं दुकान आहे. तिथे ते खोक्यावरचं चित्र बघून बसवून देतात.

भाऊ : तिथे निदान लिफ्ट मशीन आहे. इथे गाडी लाकडाच्या ओंडक्यांवर उभी करता तुम्ही.

मिस्त्री : ओंडक्याला वीज लागत नाही आणि तो बोलतही नाही. ताई, जाताना गाडीत काय काय असतं?

बहीण : मी चालवायला. मागे दुधाचे सहा कॅन.

भाऊ : दुधाचे? अण्णांच्या गाडीतून तू दूध वाहतेस?

बहीण : पलीकडच्या चार घरांचं असतं. त्यांनीच तो ट्रॅक्टर पाठवला होता. तुझी वाट बघत बसले असते तर अजून ओढ्यातच असते मी.

मिस्त्री : कॅन आणलेत?

बहीण : पाणी भरून आणलेत. नेहमीचं वजन घेऊन या, असं तुम्ही फोनवर सांगितलं होतं.

मिस्त्री : बघा साहेब, एकाने ऐकलं. चला, ताई, बसा स्टिअरिंगवर. आता अण्णा. ते कुठे बसतात?

बहीण : पुढे, माझ्या डाव्या हाताला.

मिस्त्री : कोपऱ्यात नटबोल्टच्या गोण्या आहेत. दहा-दहा किलोच्या, वजन करून शिवलेल्या. साहेब, अण्णांचं वजन सांगा आणि तेवढ्या आणून सीटवर ठेवा.

भाऊ : बहात्तर. सात गोण्या झाल्या.

(भाऊ गोण्या आणून पुढच्या सीटवर रचतो. बहीण स्टिअरिंगवर बसून बघते.)

बहीण : एक काढ.

भाऊ : का?

बहीण : काढ.

भाऊ : ताई, अण्णा बहात्तर किलोचे आहेत. वीस वर्षं बहात्तरच आहेत. त्यांचे शर्ट मीच आणतो.

बहीण : ते शर्ट कपाटात आहेत, घड्या न मोडलेले. अजून एक काढ.

भाऊ : साठच्या खाली?

बहीण : मशीनवर घेतात तेव्हा बावन्न भरतात, सोडतात तेव्हा पन्नास. दोन्ही वेळा काट्यावर उभं करतात. पाच गोण्या राहू दे.

मिस्त्री : ठेवा ती गोणी खाली, साहेब. हातात धरून कशाला उभे आहात?

भाऊ : हो.

मिस्त्री : आता माप. पुढे... मागे... हं. तुमच्या कागदापेक्षा मागे सव्वादोन इंच खाली. पुढे एक. पाटे बसलेत. एकतीस वर्षांचे आहेत, त्यांनी तरी किती तग धरायचा? उंची तुमची घरातच हरवली आणि तुम्ही परदेशात शोधताय.

भाऊ : टोमणे पुरे. उपाय सांगा.

मिस्त्री : याच वजनाला बेतून पाटे नवे बांधतो. हरवलेलं परत आलं की वर फक्त एक इंच. शॉकअप त्या मापाचे. बाकी कशाला हात नाही.

भाऊ : एक इंच? एका इंचासाठी मी सुट्टी काढून आलो?

मिस्त्री : ते मला काय विचारता? एक इंच आणि मागचं परत आलेलं मिळून ओढ्याचा दगड सुटतो. तुमचा सेट लावला तर ब्रेकचे पाइप ताणले जातील, लांब शाफ्ट वाकडा फिरेल आणि चढावरच्या वळणाला गाडी झुलेल. ताईंना गाडी शिकायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाकापेक्षा मोती जड.

बहीण : मिस्त्री, पण एका इंचानेही माझं घोडं अडतंय.

मिस्त्री : कुठे?

बहीण : पुढे मिळून दोन इंच वाढणार ना? आज मी खाली स्टूल ठेवते. अण्णा स्टुलावर चढतात, मग हाताने मांडी उचलून पाय आत टाकतात. तो जेमतेम येतो. जाताना येतो. येताना मशीनवरून उठलेले असतात, तेव्हा दोनतीनदा करावं लागतं. दोन इंच वाढले तर पाय अडकणार.

भाऊ : त्यात काय एवढं? पन्नास किलोचा माणूस. उचलायचं आणि ठेवायचं.

बहीण : उचलून बघ.

भाऊ : म्हणजे?

बहीण : एकदा दवाखान्यातल्या माणसाने उचललं. चांगल्या मनाने उचललं बिचाऱ्याने. अण्णा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरले आणि म्हणाले, मला पुन्हा सामानासारखं भरलंस तर मी येणार नाही. आणि ते खरंच येणार नाहीत. तुला माहीत नसेल, मला माहीत आहे. ते पायाने चढले तरच डायलिसिस होणार, नाहीतर नाही.

भाऊ : हे मला फोनवर का नाही सांगितलंस?

बहीण : फोनवर तू विचारतोस, "सगळं ठीक ना?" मी म्हणते, ठीक. तू म्हणतोस, "मग ठेवतो."

मिस्त्री : भांडण बाहेर. इथे सगळं वंगण सांडलेलं आहे, पाय घसरेल. ताई, दाराखाली बिजागरीची पायरी करून देतो. अण्णा चढताना खाली पाडायची, ते बसले की उलटून पोटाला लावायची, म्हणजे ओढ्यात आपटणार नाही. स्टूल विसरा. पायरी त्यांच्या पायाच्या मापाने लावू, गाडीच्या नाही.

बहीण : धरायला काही हवं. आत्ता ते दाराला धरतात आणि दार हलतं.

भाऊ : दांडा लावा की. पुढच्या खांबाला, काचेच्या बाजूला. सगळ्या गाड्यांना तिथेच असतो. मिस्त्री, निदान यावर तरी हसू नका.

मिस्त्री : हसलो नाही. ठीक बोललात. तिथेच असतो.

बहीण : तिथे नको.

भाऊ : आता का नको? मी बोललो म्हणून?

बहीण : त्या दाराने आत शिरताना पुढचा खांब डाव्या हाताला येतो. अण्णांचा डावा हात सुयांचा आहे. कोपराच्या वर शीर फुगवलेली आहे. त्या हाताने ओढायचं नाही, उचलायचं नाही, त्यावर घड्याळसुद्धा बांधायचं नाही.

भाऊ : घड्याळ नाही?

बहीण : नाही.

भाऊ : मी बॅगेत घेऊन आलोय. घड्याळ.

बहीण : उजव्या हातात बांध. वेळ तीच दाखवेल.

मिस्त्री : मग दांडा मागच्या खांबाला. उजव्या हाताशी. पण कुठे, ते मी गोण्यांना विचारू शकत नाही. साहेब, गोण्या उतरवा. सीट मोकळी करा.

भाऊ : सगळ्या?

मिस्त्री : पाचच आहेत. इथे या, दाराशी. ही वीट म्हणजे तुमची पायरी. उभे राहा. डावा हात पाठीमागे. चढा.

भाऊ : असा?

मिस्त्री : असे तर तुम्ही झाडावरही चढाल. पाय स्वतःहून उचलायचा नाही. उजव्या हाताने मांडी उचलून आत ठेवा. मग तोच हात खांबाला.

भाऊ : मग तेवढा वेळ धरायचं कशाला?

बहीण : कशालाच नाही. तेवढा वेळ मी मागे उभी असते, हात न लावता.

भाऊ : थांबा. पुन्हा करतो.

मिस्त्री : करा. सावकाश. हं. आता हात जिथे आपोआप गेला तिथे धरा.

भाऊ : इथे.

मिस्त्री : ताई, बरोबर आहे?

बहीण : नाही. फार वर आहे.

भाऊ : वर कसं? माझी आणि अण्णांची उंची एक आहे. लग्नात फोटोवाला म्हणाला होता, मागून बाप कोण, लेक कोण, कळत नाही.

बहीण : ते आता तुझ्या खांद्याला लागतात. पाठ वाकलीय.

भाऊ : किती वाकू?

बहीण : मान आत घे. अजून. गुडघे थोडे. अजून थोडं रे. हां. एवढेच.

मिस्त्री : हात खांबावर राहू द्या, साहेब. तसेच थांबा. खूण करतो.