बाराचा भोंगा

नाही गं, ते कपाट राहू दे आत्ता — आधी खिडकी बघ, ये इकडे, इथून अख्खं गाव दिसतं. ते चर्च, ते दुकान, तो बसथांबा, आणि त्या झाडांमागे हिरव्या दाराचं पांढरं घर दिसतंय ना, ते माझं. म्हणजे काही लागलं तर एक हाक मारायची. पोलिश समजतं ना तुला? थोडं थोडं? पुरे की, मी कुठे मोठी विदुषी आहे अवघड बोलायला. मी ब्रोन्का. या इमारतीच्या किल्ल्या माझ्याकडे असतात — खाली आगीचा बंब, वर ही खोली, आणि मधे हा जिना, तो मी आजच सकाळी धुतलाय, म्हणून उतरताना जपून. तुझं नाव काय म्हणाला तो निर्वासितांच्या कचेरीतला माणूस? सोलोमिया. आणि ही यारिना. सहा वर्षांची? वाटत नाही, खात नाही वाटतं नीट. खाईल, इथे खाईल. तो एक वाजता येणार ना परत, तू राहतेस की नाही ते विचारायला? मग आहे वेळ. किती झाले — पावणेबारा व्हायचेत अजून. आहे वेळ. बस, टेक ना जरा, उभी का?

आधी कोण राहायचं? कोणी सांगितलं तुला, आधी कोणी राहायचं म्हणून? — बरं, त्या छोट्या पलंगावरून कळलं असेल. हो, राहायच्या. लेस्या आणि तिची झ्लाता. तुमच्यातल्याच, युक्रेनमधल्या, तिकडे खारकीवकडच्या. युद्ध सुरू झालं त्या वर्षीच्या मार्चमध्ये, काय सांगू तुला, आमचं गाव असं कधी बघितलं नव्हतं मी, लग्नाला जमावेत तसे लोक जमले होते खाली. बसमधून या दोघी उतरल्या आणि बायकांची भांडणं — मी नेते घरी, नाही, मी नेते! शेवटी मीच म्हटलं, कोणाच्याच घरी नको, त्यांना स्वतःचं दार हवं, वरची खोली देऊ. दोन दिवसांत रंग दिला. माझ्या वालेन्तीने — माझा नवरा — हा छोटा पलंग स्वतः ठोकला. दोन माणसांना सात रजया जमल्या, सात! आणि पिरोगी तर इतक्या, इतक्या पिरोगी, बटाट्याचं, कोबीचं सारण भरलेल्या, की लेस्या दार उघडायला घाबरायची, पुन्हा कोणीतरी पातेलं घेऊन उभी असेल म्हणून. हसलीस. हसल्यावर बरी दिसतेस. तीही हसायची. तेच तर पुढे लोकांच्या डोळ्यांवर आलं — पण ते पुढचं.

वर छपरावर भोंगा आहे. सांगितलं असेल ना तुला त्यांनी? नाही? नाही सांगितलं? कमाल आहे बाई त्या कचेरीची. आगीचा भोंगा गं, गावाचा. कुठे काही पेटलं की खाली येऊन बटण दाबायचं, की गडी असतील तिथून, शेतातून, ताटावरून उठून पळत येतात. पगारी कोणी नाही, सगळे गावातलेच. साठ वर्षं वाजतोय, कुत्रीसुद्धा दचकत नाहीत. त्या एप्रिलमध्ये कोणाचं तरी गवत पेटलं, वाजला भोंगा — आणि लेस्या पोरीला उचलून अनवाणी धावली की जिन्यावरून, सरळ शेताकडे, आणि तिथल्या चरात पोरीवर पालथी पडली. आम्ही आणायला गेलो तर उठेना. विमान गेलं का, विमान गेलं का, एवढंच. वालेन्ती रडला. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या मातीलासुद्धा नाही. मग सभा झाली खाली, बंबाशेजारी खुर्च्या टाकून, आणि मी उठले — मीच, हो — आणि म्हटलं, भोंगा बंद करू या. हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आग लागली की फोनवर निरोप जाईल. जिने बॉम्ब ऐकलेत त्या लेकराच्या डोक्यावर आपण भोंगा वाजवणार का? टाळ्या! सगळ्यांचे हात वर, एकही खाली नाही. पेपरात फोटो आला, मी आणि झ्लाता, मागे हे छप्पर. 'गावाने भोंगा गप्प केला.' मी तो काचेत लावला होता दिवाणखान्यात. म्हणजे — असेल अजून कुठेतरी.

मग काय, दिवस गेले. तुमचं युद्ध काही संपेना. आधी लेस्या दुकानात आली की लोक तिला रांगेत पुढे करायचे. दुसऱ्या वर्षी करेनासे झाले. तिसऱ्या वर्षी ती आली की बोलणं थांबायचं. नवरा लढाईवर आणि हिची नखं बघा रंगवलेली. डॉक्टरकडे हिचाच नंबर आधी कसा. पोरगी म्हणे शाळेत सारखी त्यांच्या भाषेत बडबडते — अगं, एकटीच होती ती तिथे, बडबडणार कोणाशी? पण म्हणायचे. आणि भोंग्याचं तर सतत — आमच्या बापजाद्यांचा भोंगा, आणि कोणासाठी गप्प बसवलाय बघा. ज्यांनी हात वर केले होते तेच! मी? मी नाही काही म्हटलं. मी नुसती ऐकायचे. एकदाच म्हटलं, की सात रजया दिल्या, उन्हाळ्यात एक तरी परत केली का बयेने. सगळे हसले. बरं वाटलं मला, खोटं का सांगू.

गेल्या ऑगस्टमध्ये आमचं गवताचं कोठार पेटलं. दुपारी, चर्चची बाराची घंटा चालू होती. मी फोन केला, निरोप गेला, सतरा जणांच्या सतरा फोनांवर गेला. सतराही गडी शेतात कापणीच्या यंत्रांवर, त्या घरघरीत कोणाला ऐकू येणार खिशातलं? हा भोंगा तीन गावं पलीकडे ऐकू जातो, पोरी. मी इथे धावत आले, बटण दाबलं, दाबलं, दाबलं — वायर काढून ठेवलेली. आम्हीच. मीच वालेन्तीला सांगितलं होतं काढ म्हणून, चुकून कोणाचा हात लागून वाजायला नको, पोरगी घाबरेल. तो तिकडे घोडीसाठी आत शिरला होता. घोडी आली बाहेर. पहिला गडी आला अठ्ठावीस मिनिटांनी, तोही धूर बघून. — नको, पाणी नको मला. बस तू. आणि लेस्या आलीच होती ना सगळ्यांच्या आधी, बादली घेऊन. ती आली होती. बादली घेऊन. मला तिचं तोंड बघवेना.

आठ दिवसांनी वायर जोडली. सभा नाही, टाळ्या नाहीत. आगीच्या दलाचा प्रमुख म्हणाला, महिन्यातून एकदा चाचणी घ्यायची, पहिल्या शनिवारी, खाली भिंतीवर कागद आहे तसा. मी रोज घेते. बाराला, एक मिनिट. रोज, हो. कोणी मला रोज घे म्हटलं नाही, आणि ब्रोन्का, आता पुरे कर, असंही आजवर कोणी म्हटलं नाही. दुकानात आता मला पुढे करतात रांगेत. चौथ्या दिवशी की काय, लेस्या खाली आली. म्हणाली, ब्रोन्कामावशी, निदान आधी सांगत जा, मी तेवढा वेळ पोरीला घेऊन लांब फिरायला जाईन. मी म्हटलं, मला सांगितलं होतं का कोणी आधी? आली तशी वर गेली. मग मी कधी बाराला वाजवायचे, कधी बाराला पाच कमी असताना — घड्याळ पुढे असतं गं कधी कधी. शाळेतही जाईनाशी झाली पोरगी, तिथेही ऐकू येतो ना, बाकाखाली शिरायची आणि मुलं हसायची. मग दिवसभर वरच — अगं यारिना, नको म्हटलं ना मी! — उघडलंस? बरं. बघा आता. दाराच्या आतल्या बाजूला आहे ते, पेन्सिलचं. रेघा आहेत नुसत्या. खिडकीपासून लांब, दोन भिंतींच्या आड बसायचं असतं म्हणे तुमच्याकडे, भोंगा झाला की, आणि या खोलीला तशी जागाच नाही, म्हणून झ्लाता कपाटात बसायची. एक भोंगा, एक रेघ. मी पुसायला घेतल्या होत्या, पण दाबून ओढल्यात, खाचा पडल्यात लाकडात. रंग लावून घेईन मी.

गेल्या त्या. ऑक्टोबरात, सकाळच्या बसने. मी माझ्या खिडकीतून पाहिलं आणि तशीच थांब्यावर गेले. म्हटलं, कुठे? म्हणाली, घरी. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, तिथे तर रात्रंदिवस भोंगे वाजतात. तर म्हणते कशी — वाजतात, मावशी, पण तिथे ते आम्हाला वाचवायला वाजवतात. एवढं बोलून चढली. झ्लाताने काचेतून हात हलवला मला. तिने हलवला. वर आले तर सातही रजया धुऊन, घड्या घालून, या पलंगावर. — ते? कपाटावरचं खोकं? पार्सल आहे ते. पोरीची टोपी राहिली होती इथे, मी विणलेली, लाल. पाठवली मी थंडीच्या आधी. परत आली, पत्ता सापडत नाही असा शिक्का मारून. घर बदललं असेल. बदलतात लोक घरं. तू तिकडचीच, तुला माहीत असेल, असा शिक्का कधी मारतात — नाही, नको. नको सांगूस. मी विचारलं नाहीये.

आता म्हणशील, त्या गेल्या, मग अजून का वाजवतेस. अगं, थांबवला असता. रोज सकाळी म्हणते, आज नको. पण आज थांबवला तर मग इतके दिवस कशासाठी वाजवला, सांग की मला? कोणीतरी विचारेल ना. वालेन्तीसाठी वाजवते म्हणते मी, आणि वाजवला की मिनिटभर खरंच वाटतं तसं. तू घाबरू नकोस. खोली चांगली आहे, उबदार आहे, तू राहा. आणि नसेल राहायचं तर बारा दहाची बस आहे, शहरात जाते, त्या कचेरीतल्याला मी सांगेन काहीतरी. राहायचं तर राहा. असं बघू नकोस माझ्याकडे. सात रजया मीच जमवल्या होत्या, घरोघर फिरून.

किती झाले? — बाराला दोन मिनिटं. जाते मी खाली. एकच मिनिट वाजतो, मग पिरोगी घेऊन येते वर, गरम गरम. यारिना कुठे गेली? — अगं बाई, ही कपाटात जाऊन बसलीसुद्धा! कोणी सांगितलं तिला? बाहेर ये बाळा, अजून वाजला नाहीये. काही झालेलं नाही अजून. ये ना. — नाही? बरं, बस मग आतच, दार ओढून घे, खालून ओढ, वरून अडकतं ते. अस्सं. आणि ती पेन्सिल कुठे सापडली तुला? ठेव ती. ठेव म्हटलं ना खाली.